दोन सालांच्या मधले दिवस

मार्च सरत आला की आमच्या दवाखान्यामागच्या शेतात हळद शिजवायला घेतात. लोखंडी पिंप भट्टीवर चढतं, कच्च्या हळदीचा मातकट, उग्र वास सकाळपासून आत शिरतो आणि तपासायला आलेल्या बायका नाकाला पदर लावून म्हणतात, "सिस्टर, खिडकी लावा की ओ." मी लावत नाही. त्या वासानं माझंही डोकं दुखतं. पण तो आला की पाडवा आठ-दहा दिवसांवर आला हे कळतं, आणि पाडवा आला की वर्षातून एकदा मला थोडं अस्वस्थ व्हायचं असतं. ती सवयच झालीय.

मी धर्मभगिनी आहे. पांढरी साडी, गळ्यात लाकडी क्रूस, हातात बहुतेक वेळा बीपी बघायचं यंत्र. वालूरच्या रस्त्याला आमचा छोटा मठ आहे, सहा खाटांचा दवाखाना आहे. मूळची मी झरीकडची. आमच्या वस्तीत ख्रिस्ती माणसांची नऊ घरं होती, चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली, आणि फादर महिन्यातून दोनदा मोटारसायकलवर यायचे. ते आले की पहिल्यांदा त्यांना पाणी द्यावं लागायचं आणि मग त्यांच्या गाडीला.

लोकांना पाडवा म्हटलं की गुढी आठवते, साखरेच्या गाठी आठवतात. आमच्या दारात गुढी नसायची, पण पाडवा असायचाच. कारण पाडव्याला दादांचं साल संपायचं. दादा म्हणजे माझे वडील. एका मोठ्या शेतकऱ्याकडं ते सालगडी होते. एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत त्या शेताला बांधलेला माणूस. बैलांची वैरण त्यांच्याकडं, लाईट येईल तेव्हा पाणी द्यायचं त्यांच्याकडं, फवारणी त्यांच्याकडं, मालकाच्या पाहुण्याला स्टँडवरून आणायचं तेही त्यांच्याचकडं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ऊन उतरलं की दादा विळा, कासरा, बॅटरी आणि आखाड्याची, म्हणजे शेतातल्या गोठ्याची, किल्ली मालकाच्या ओट्यावर नेऊन ठेवायचे आणि काही न बोलता घरी यायचे. एरवी कुणाच्याही दारातून निघताना "येतो" म्हणणारा माणूस त्या दिवशी "येतो" म्हणायचा नाही. तसं म्हटलं तर पुढच्या सालाचा शब्द गेल्यासारखा होईल ना, म्हणून.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी! काय थाट असायचा त्या माणसाचा. उन्हं वर आल्यावर उठायचे. आई पाणी तापवून द्यायची, ते अर्धा तास अंघोळ करायचे. दाढी करून यायचे. मग धुतलेलं धोतर नेसून मालकाच्याच शेताच्या बांधावरून चक्कर मारायचे, हात मागं बांधून, पाहुणा आल्यासारखे. मी मागं मागं असायचे. बांधाला गवत माजलेलं दिसलं की मी म्हणायचे, "दादा, उपटू का?" ते डोळे वटारायचे. "खबरदार हात लावशील तर. आज आपून कुणाचे न्हाई." लांबून बैल ओळखून हंबरायचे, तेवढं मात्र त्यांना सोसायचं नाही. गुपचूप जाऊन दोन्ही बैलांच्या कपाळावर हात फिरवून यायचे. "हे मालकाचं काम न्हाई," म्हणायचे, "हे माझं हाय."

दुपारच्याला मालकाचा निरोप यायचा. दादा जाऊन ओट्यावर बसायचे, बोलणं व्हायचं. मग मालकीणबाई आतून चहा पाठवायच्या. तो चहा घेतला की साल धरलं. नाही घेतला तर गडी कुठंही जायला मोकळा. लिहिणं नाही, अंगठा नाही, कपबशी हातात घेतली की झालं. एका वर्षी पोळ्याच्या आधी मालकानं रागात थोरल्या बैलाला काठीनं झोडपलं होतं. त्या पाडव्याला दादांनी चहा तसाच ठेवला आणि घरी निघून आले. दिवेलागणीला मालक स्वतः आमच्या दारात. "जाऊ द्या आता, चुकलं," म्हणाले. तेव्हा कुठं दादांनी दुसऱ्या दिवशी चहा घेतला. आई म्हणायची, वर्षातला तेवढा एक दिवस तुझ्या बापाच्या अंगावर मांस चढतंय बघ.

मी मठात गेले ती इंजेक्शनामुळं. हसू नका, खरंच सांगते. वस्तीत लसीकरणाला सिस्टर यायच्या. बाकीचे सगळे लेकराला म्हणायचे, "काही दुखत नाही, मुंगी चावंल." एक सिस्टर होत्या, त्या सुई हातात घेऊन लेकराच्या डोळ्यात बघायच्या आणि म्हणायच्या, "दुखंल. पण थोडंच दुखंल, आणि मी इथंच हाय." लेकरं रडायची, पण त्यांच्याकडं परत यायची. बारावी झाल्यावर मी त्यांच्या मागं लागले, मला तुमच्यात घ्या. देवाचं बोलावणं वगैरे मोठे शब्द मला तेव्हा ठाऊकही नव्हते. आईनं चार दिवस तोंड फिरवलं. दादा एवढंच म्हणाले, "पोरगी कामाची हाय, जिथं जाईल तिथं काम करंल."

नर्सिंगचं शिक्षण झालं, मग दोन वर्षं नवव्रती म्हणून शिकणं झालं. त्या दोन वर्षांत काय शिकवतात असं मला अजून लोक विचारतात. दार आवाज न करता लावायला शिकवतात. वाढलं ते खायला शिकवतात. आणि गप्प बसायला शिकवतात, जे मला अजून येत नाही. आमच्या मदर वसईकडच्या, बोलायला गोड. त्या म्हणायच्या, "सगळ्यांना तीन व्रतं, सुमनला मात्र चौथं जिभेचं द्यायला हवं." तर ती तीन व्रतं. ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन. पहिल्यांदा घेताना ती जन्माची नसतात. एका वर्षासाठी असतात. देवदूतानं मरियेला निरोप दिला त्या सणाला, मार्चच्या अखेरीस, आम्ही ती घेतो. वर्ष संपलं की पुन्हा त्याच सणाला विचारतात, पुन्हा घेतो. असं पाच-सहा वर्षं चालतं, मग कायमची.

हे सगळं मी दादांना समजावून सांगितलं होतं, आमच्या ओट्यावर, शेंगा फोडता फोडता. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी साल धरायचं."

मी हसले. म्हटलं, "तसंच समजा दादा." चूक झाली ती तिथं.

पहिलं साल गेलं. दुसऱ्या सालात आई गेली, कावीळ अंगावर काढून. नर्स पोरगी चाळीस किलोमीटरवर आणि आई अंगावर काढते, याला काय म्हणावं. तिसरं साल संपत आलं. सणाच्या दिवशी सकाळी आम्ही चौघीजणी पुन्हा व्रतं घेणार होतो. प्रार्थनाघर झाडून, झेंडूच्या माळा लावून तयार. फादर दहाला येणार होते. आठच्या सुमाराला मला निरोप आला, वडील आलेत, बाहेर बसलेत. न कळवता दादा येणार म्हणजे कुणीतरी गेलं.

बघते तर दादा खुर्चीच्या कडेला टेकलेले, दाढी केलेली, मांडीवर कापडी पिशवी. समोर मदर.

"काय झालं दादा?"

"काय व्हायचंय? तुझं साल आज संपतंय न्हवं? न्यायला आलोय."

मदरना काही समजेना. दादांनीच मग सगळं सांगितलं, सालगड्याचं, पाडव्याचं, आणि हेही, की दोन वर्षं त्यांना वाटत होतं पोरगी येईल, पोरगी काही आली नाही. कुणाकडं चौकशी केली तर कळलं, साल संपतं त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, लगेच नवं धरतात. "हे काय बरोबर न्हाई बाई," ते मदरना म्हणाले. रागानं नाही, मालकाशी बोलायचे तसं, खाली बघून पण स्पष्ट. "साल संपल्यावर गडी एक दिस तरी आपल्या घरी निजतो. आपलं आपुन उठतो, आपलं आपुन खातो. मग त्याला धरायचं तर धरू द्या. मधी मोकळा दिसच न्हाई, तर मग ते साल कसलं?"

मी मदरकडं बघत होते. मला वाटलं त्या आता गोड आवाजात समजूत घालतील. त्यांनी विचारलं, "बरं. आणि परत कधी आणून सोडाल?"

"ते मी कसं सांगू?" दादांना खरंच आश्चर्य वाटलं. "ते तिचं ती ठरवंल. साल संपलेल्या गड्याला कुणी इचारत न्हाई, परत कवा येतो म्हणून."

मदर उठून आत गेल्या. मोठ्या मदरना, म्हणजे आमच्या साऱ्या मठांच्या प्रमुखांना, फोन लावला. बराच वेळ बोलल्या. मी तिथंच उभी होते, दादांकडं न बघता. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. बाकीच्या तिघी दाराआडून बघत होत्या. एवढी शिकलेली, नेमानं चालणारी मी, आणि बाप असा पिशवी घेऊन आलेला.

मदर आल्या. म्हणाल्या, "पाडवा तीन दिवसांवर आहे. पाडवा घरी कर. चौथ्या दिवशी यायचं वाटलं तर ये, तेव्हा व्रत घेऊ. आज दिवस मावळला की तुझं व्रत संपलं. मग तुझ्यावर आमचा काही हक्क नाही, सुमन." सिस्टर म्हणाल्या नाहीत, सुमन म्हणाल्या. मला ते सुईसारखं लागलं.

"मग कपडे?" मी विचारलं. काय सुचतं बघा माणसाला. पण खरंच, माझ्याकडं पांढऱ्या साडीशिवाय दुसरं काही नव्हतंच. दादांनी पिशवी पुढं केली. आईचं हिरवं पातळ होतं त्यात, घडी घातलेलं, कापराच्या वड्या घालून ठेवलेलं. ते नेसून मी बाहेर पडले तेव्हा प्रार्थनाघरात गाणं सुरू झालं होतं. तिघींचे आवाज मला वेगवेगळे ओळखू येत होते.

परभणीच्या स्टँडवर उतरलो, झरीची गाडी लागली तर दारातच एका बाईनं मला ढकलून पुढची जागा धरली. तीन वर्षांत मला कुणी ढकललं नव्हतं. पांढऱ्या साडीला लोक वाट देतात. मला इतकं बरं वाटलं, की मीही पुढच्या बाईला ढकलून चढले. दादा खुश होऊन हसायला लागले.

वस्तीवर पोचलो तर शेजारच्या गयाकाकू दारातच.

"काय गं सुमे, सोडून आलीस का?"

"न्हाई काकू. सुट्टी."

"हिरव्या पातळात सुट्टी व्हय?" त्यांनी खालपासून वरपर्यंत बघितलं. "आलीस तर आलीस. लाजायलीस कशाला? माझी थोरली बी सासर सोडून आली न्हवं का, मेलं न्हाई कुणी."

त्या तीन दिवसांचं काय सांगू? काही घडलं नाही, म्हणूनच मला सगळं आठवतं. पहाटे साडेचारला जाग यायची आणि उठायचं कारणच नसायचं. प्रार्थना करायची की नाही, हे माझं मी ठरवायचं होतं. पहिल्या दिवशी मुद्दाम केली नाही, दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी केली, कुणाला सांगितलं नाही. ज्वारी काढून झालेली होती, कडब्याच्या गंजी लागल्या होत्या, कडुलिंबाला मोहर आला होता आणि तो बारीक कडूगोड वास दुपारच्या झळांबरोबर घरात यायचा. मी भाकरी थापल्या, पहिली करपली. दादांनी तीच घेतली. मठात जेवताना कुणीतरी संतांचं चरित्र वाचून दाखवायचं, इथं दादा गावातल्या कुणाचं काय झालं ते सांगायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला हेच जास्त ऐकावंसं वाटायचं.

पण दादा उठताना भिंतीला धरतात हे मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. गुडघे सुजलेले होते. फवारणीनं धरलेला खोकला होता, तो आता छातीत उतरला होता. साठीला आलेला माणूस. भाऊ पुण्याला कुणाची तरी गाडी चालवायचा, त्याचं त्यालाच पुरत नव्हतं. आणि परवा पाडव्याला हा माणूस पुन्हा ओट्यावर जाऊन साल धरणार. पुन्हा वर्षभर चिखलात, उन्हात, औषधाच्या वासात. मला नर्सिंग येत होतं. परभणीत कोणत्याही दवाखान्यानं मला उद्या घेतलं असतं. एक खोली, दोन माणसं, दादांना काही करायची गरज नव्हती. आणि हे करायला मला कुणाचं काही मोडावं लागत नव्हतं. मी मोकळी होते. दादांनीच मला मोकळं करून आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही चिंचेखाली बसलो होतो. चिंचा झोडपून झालेल्या, खाली टरफलांचा खच. दादा पायाला तेल लावत होते. मी त्यांच्या हातातून वाटी घेतली आणि त्यांच्या गुडघ्याला तेल चोळता चोळता म्हटलं, "दादा, मी आता परत जात न्हाई. परभणीत नोकरी धरते. तुमी उद्या साल धरू नका."

ते गुडघ्याकडंच बघत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"दादा, चहा घ्यायचा न्हाई उद्या. कबूल?"

"तुला तिथं करमत न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"करमतंय."

"तरास देतेत का?"

"न्हाई ओ."

"देवावरचं मन उडालं का?"

ते कसं उडालंय म्हणू? मनच देवाकडं कधी असतं कधी नसतं, पण त्या दवाखान्यात, त्या लेकरांच्या दंडावर, त्या पहाटेच्या गारठ्यात बसून म्हटलेल्या स्तोत्रांत माझं काहीतरी होतं, ते कुठं गेलं नव्हतं. "तसं काही न्हाई," मी म्हणाले. "पण तुमचं कोण बघंल?"

"बघू," दादा म्हणाले, आणि पाय आवरून घेतला. संध्याकाळी त्यांनी विळा, कासरा, बॅटरी, किल्ली ओट्यावर नेऊन ठेवली आणि परत आले. मला सुटल्यासारखं वाटलं. झोपताना मी परभणीतल्या खोलीचा विचार करत होते, चूल कुठं, खाट कुठं. आणि त्याच वेळी मला रडू येत होतं, ते कशाचं ते समजत नव्हतं.

पाडव्याला मी उन्हं वर आल्यावर उठले, दादांसारखी. मुद्दाम. दादा घरात नव्हते. वाटलं दाढीला गेले असतील. मी चूल पेटवली, चहा ठेवला, गवती चहाची पात घातली. दादा दारात आले. दाढी वाढलेलीच होती. धोतर कालचंच. मी कप भरून पुढं केला.

"नको," ते म्हणाले. "पिऊन आलो."

कप माझ्या हातात तसाच राहिला. सकाळी नऊला? कोणता सालगडी पाडव्याला सकाळी नऊला जातो? बोलावणं यायच्या आधी, दाढी न करता, अंघोळीशिवाय, वर्षातला तो एकच दिवस टाकून, हा माणूस स्वतः चालत जाऊन त्या ओट्यावर बसला होता आणि चहा मागून पिऊन आला होता.

मला असा राग आला, असा राग आला! मी तो चहा चुलीत ओतला. सगळीकडं राख उडाली. "मी इथं राहायचं ठरवलं, आणि तुमी मला न इचारता जाऊन बांधून घेऊन आलात? माझी काही किंमत हाय का न्हाई?"

दादा उंबऱ्यावर बसले. मला ओरडू दिलं. माझं संपल्यावर म्हणाले, "माय, तू राह्यली असतीस तर कुणासाठी राह्यली असतीस?"

"तुमच्यासाठी! आणखी कुणासाठी?"

"तेच नको हाय मला. जलमभर मी दुसऱ्यासाठी राबलोय. दुसऱ्याच्या मर्जीनं उठायचं, दुसऱ्याच्या मर्जीनं बसायचं. ते कसं असतंय मला ठावं हाय. तू बी तसंच करायचं, आन् ते माझ्या नावानं करायचं?" ते खोकायला लागले, मी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाले, "मला वाटलं तुला घरी आणावं, मोकळं सोडावं, तुझं तुला बघू द्यावं. तर तू लगेच दुसरा कासरा गळ्यात घालून घ्यायलीस. म्हणून म्हणलं, आपलं आपुन धरून टाकावं. आता मी बांधलेला हाय. माझी काळजी मालकाला. आता तू खरी मोकळी झालीस. ऱ्हायचं तर ऱ्हा, जायचं तर जा. पर माझ्यावर घालू नको."

मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. गयाकाकूंच्या दारात गुढी उभी होती, तिच्यावरचं नवं कापड वाऱ्यानं फडफडत होतं. मला त्यांचा हात धरायचा होता, पण आमच्यात तशी पद्धत नाही. मी त्यांच्या पाठीवरची राख झटकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा कामावर निघून गेले होते. मला पोचवायला यायची त्यांना फुरसत नव्हती, त्यांचं साल सुरू झालं होतं. मठात पहिल्यांदा गेले तेव्हा आई आणि दादा दोघंही सोबत होते, माझी ट्रंक डोक्यावर घेऊन. या वेळी मी एकटीच रस्त्याला येऊन उभी राहिले. एक जीप परभणीकडं चालली होती, एक मालट्रक उलट्या बाजूला. मी कुठंही जाऊ शकत होते. हे नुसतं म्हणायला सोपं आहे. खरोखर असं उभं राहून बघा कधीतरी. मी जीपमध्ये बसले. देवानं मला बोलावलं म्हणून बसले का? माहीत नाही. मला जायचं होतं म्हणून बसले, एवढं नक्की. आजवर कुणी विचारलं तर मी हेच सांगते, आणि तरुण मुलींना शिकवणाऱ्या सिस्टर माझ्यावर चिडतात.

दुपारी प्रार्थनाघरात मदर, दोन सिस्टर आणि मी. माळा सुकून गेल्या होत्या, गाणं नव्हतं. मी कागदावरून वाचलं, "एका वर्षासाठी." आधी तीनदा वाचलं होतं, पण ते शब्द मला त्या दिवशी दिसले. मग सही केली.

तीन सालांनी माझी कायमची व्रतं झाली. बिशप आले होते, मांडव होता, वस्तीवरून टेम्पो भरून माणसं. विधीप्रमाणे मी वेदीसमोर जमिनीवर पालथी पडले होते, वर सगळे संतांची नावं घेत होते, आणि बायकांच्या बाजूनं गयाकाकूंचा आवाज आला, "अगं बाई, उठवा की पोरीला, फरशी गार हाय." जेवणाच्या वेळी दादा मदरजवळ गेले. "आता हिचं साल न्हाई?" मदर म्हणाल्या, "नाही दादा, आता जन्मभराचं." दादांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "असं कुठं असतंय का? जलमभर म्हणलं तर माणूस एकदाच हो म्हणतो आन् इसरून जातो."

पुढच्या पाडव्याला सकाळी त्यांचा फोन. तोवर त्यांनी साल धरणं सोडलं होतं, भाऊ परत येऊन झरीत रिक्षा चालवायला लागला होता, सून भाकरी वाढत होती. फोनवर एवढंच, "साल संपलं का गं?"

मला एकदम हसू आलं. "संपलं, दादा."

"मग? धरतीस का?"

"धरते."

"बरं," आणि फोन ठेवला. तेव्हापासून दर पाडव्याला हा फोन येतो. मी कधी रुग्णाच्या नाडीवर बोट ठेवून बोलते, कधी भाजी चिरता चिरता. धरतीस का, धरते, बरं. अर्ध्या मिनिटाचं काम. चर्चच्या नियमांत हे कुठं बसत नाही. पण मला वाटतं, माझी व्रतं त्या अर्ध्या मिनिटानं जितकी ताजी ठेवली तितकी दुसऱ्या कशानं ठेवली नसतील.

या वर्षी पाडव्याच्या आधी मला पत्र आलं. बदली. ओडिशातल्या डोंगरात आमचा एक दवाखाना आहे, तिथं नर्स नाही. आज्ञापालनाचं व्रत म्हणजे हेच, पत्र येतं आणि जायचं असतं. मी इतकी वर्षं इतरांना समजावत आले, मग मला कुणी समजवायचं? दादा सत्तरीच्या पुढं गेलेत. आता त्यांना काठी लागते, संध्याकाळचं नीट दिसत नाही. इथून मी दीड तासात पोचते. तिकडून दोन दिवस लागतील, आणि दोन दिवसांत काय काय होऊन जातं, हे आईच्या वेळी बघितलंय.

पाडव्याला सकाळी फोन वाजला. हळद शिजत होती, माझं डोकं ठणकत होतं.

"साल संपलं का गं?"

"संपलं."

"मग? धरतीस का?"

मी खिडकीला धरून उभी होते. "थांबा दादा," मी म्हटलं. "उद्या सांगते."

दादा हसले, खोकत खोकत, पोटभर हसले. "सांग की! उद्या सांग. आजचा दिस तुझाच हाय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा इचार करायलीस बघ."

त्या दिवशी दवाखान्याला सुट्टी होती. मी काही केलं नाही. दुपारी मागच्या लिंबाखाली बाजेवर पडून राहिले. बाकीच्या सिस्टर माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं करत होत्या. मला त्या डोंगरातल्या बायका दिसत होत्या, ज्यांची भाषा मला येत नाही, आणि काठी टेकत संडासाकडं जाणारे दादा दिसत होते. दोन्हीतलं काहीच खोटं नव्हतं. मी देवाला विचारलं, तो काही बोलला नाही, तो बोलत नसतोच. पण दिवस उतरला तेव्हा मला कळलं होतं, आणि कळल्यावर मी बाजेवर पडल्या पडल्या रडले.

सकाळी मीच फोन लावला.

"दादा, एक सांगायचं राह्यलं. माझी बदली झालीय. लय लांब, ओडिशात. तुमाला काही झालं तर मला यायला दोन दिस लागतील. कदाचित मी पोचणारच न्हाई."

दादांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते मी इचारलंच न्हाई," ते म्हणाले. "धरतीस का, ते सांग."

"धरते, दादा."

मी रडत होते, त्यांना ते ऐकू गेलं असणार. त्यांचाही श्वास मला ऐकू येत होता, घरघरणारा, लांबलेला. फोन त्यांनी लगेच ठेवला नाही.

"बरं," ते म्हणाले. "तिकडचं पाणी कसं हाय, गेल्यावर सांग."